आमच्या खोलीतला सिनेमा

माझी आई ज्या बंगल्यात स्वयंपाकाला होती, तिथं एका सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा मी दहावीत होते. सिनेमा श्रीमंत घरातल्या नोकरांवर होता. त्यामुळे ते तीन आठवडे त्या बंगल्यात दोन प्रकारचे नोकर होते, सिनेमातले आणि आम्ही. सिनेमातल्या नोकरांना दुपारच्या जेवणात दोन भाज्या आणि काहीतरी गोड लागायचं. ते आई करायची.

आज तो सिनेमा जुन्या नावाजलेल्या सिनेमांत धरतात. त्याच्यावर लिहिणारे शेवटच्या प्रसंगावर हटकून लिहितात. घर सोडून निघालेली स्वयंपाकीण जाण्याआधी सगळी भांडी घासते, पालथी घालते, ओटा पुसते, हात धुते आणि मागच्या दारानं निघून जाते. संवाद एकही नाही. पडद्यावर बराच वेळ नुसते हात दिसतात. त्या हातांच्या अभिनयाबद्दल नायिकेचं फार कौतुक झालं. ते हात माझ्या आईचे आहेत. सिनेमाच्या नामावळीत तसं कुठं आलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

बंगला वाशीत होता. तेव्हाची वाशी म्हणजे आखलेले रुंद रस्ते, थोड्या इमारती आणि पुष्कळ वारा. रस्ते आधी आले होते, माणसं मागाहून यायची होती. बंगल्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. ठाणे-बेलापूर पट्टीत त्यांचे दोन छोटे कारखाने होते. शेठ कमी बोलायचे. घरात जे काही बोलायचं असे ते बाईसाहेब बोलायच्या. बंगल्याच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. नकाशात तिचं नाव सर्व्हंट रूम होतं, बाईसाहेब तिला मागची खोली म्हणायच्या आणि आम्ही घर म्हणायचो. वडील गेल्यानंतर वर्षभरानं आई मला घेऊन तिथं राहायला आली होती. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन.

शाळेत मी सांगितलं होतं की माझी आई एका कारखानदाराकडे कामाला आहे. हे खोटं नव्हतं. मुलींनी त्याचा अर्थ ऑफिस असा घेतला, त्याला माझा इलाज नव्हता.

बाईसाहेब वाईट नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सिनेमा पाहिलेल्या लोकांचा तसा समज होतो. त्यांची एक सवय होती. दुपारची झोप झाली की त्या जिन्यावरून खाली यायच्या, मधल्या वळणावर थांबायच्या, कठड्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाई, पाणी." पुढं त्या एक पायरीही उतरत नसत. आई पाणी घेऊन अर्धा जिना चढायची. पाणी पिऊन झालं की त्या उरलेला अर्धा जिना उतरायच्या आणि बैठकीत बसायच्या. तिथं शेजारीच पाण्याचा माठ होता. याच्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आईलाही नाही. ती म्हणायची, जिना चढल्यानं गुडघे मोकळे राहतात.

दिग्दर्शक शेठच्या कुणा मित्राच्या ओळखीनं आले. जाड भिंगाचा चष्मा, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. बंगल्याचा जिना पाहूनच त्यांनी हेच घर पाहिजे म्हणून सांगितलं. बाईसाहेबांनी चार दिवसांत सगळे पडदे बदलून टाकले. दिग्दर्शकांनी येऊन पाहिलं आणि जुने पडदे परत लावायला लावले. बाईसाहेबांना ते आवडलं नाही, पण कला म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

शूटिंग सुरू व्हायच्या आधी दिग्दर्शक दोन दिवस नुसते बघायला आले. पहिल्या दिवशी ते स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसले. तिथं स्टूल होतं. आईनं ते पुढं केलं, पण त्यांना जमिनीवरच बसायचं होतं. ते बरोबर ओटा आणि फ्रिजच्या मधे बसले होते, त्यामुळे दूध काढायचं, भाजी काढायची म्हटलं की आईला त्यांच्या पायांवरून जावं लागायचं आणि दर वेळी ती वाकून नमस्कार करायची. तिला वाटायचं, पाय लागला.

त्यांनी वही काढली आणि विचारलं, "मावशी, या घरात काम करताना तुम्हाला आतून कसं वाटतं?"

आईनं विचार करून सांगितलं की ओटा दोन बोटं उंच हवा होता. वाकून वाकून पाठ भरून येते.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग कधी अपमान झाल्यासारखं वाटतं का, असं विचारलं. आई म्हणाली की पाहुणे न सांगता येतात त्याचा त्रास होतो, कणीक कमी पडते. त्यांनी तेही लिहून घेतलं, पण जरा हिरमुसून. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतल्या माळ्याला तेच विचारलं. माळी शेजारच्या गावातला, जुना रहिवासी. बंगल्याचं लॉन होतं तिथं पूर्वी त्याच्या चुलत्याचं भाताचं शेत होतं, ते नव्या शहरासाठी गेलं होतं. हे ऐकून दिग्दर्शक एकदम उजळले आणि हे सिनेमात घ्यायचंच म्हणाले. पण मग लॉनभोवती कॅमेरा फिरवायला रूळ लागणार होते, ते मिळाले नाहीत आणि चुलत्याचं शेत राहून गेलं. माळ्याला स्वतःला सिनेमात माळ्याचं काम मिळेल अशी आशा होती. त्याला पाहिलं गेलं. टेरिकॉटची पँट, हातात घड्याळ, भांग पाडलेले केस. तो माळी वाटत नाही असं ठरलं. पुण्याहून एक नट आणला गेला, त्याला धोतर नेसवलं आणि हाताला माती लावली. माती आमच्याच माळ्यानं दिली.

नायिकेचं नाव मोठं होतं. ती स्वयंपाकिणीचं काम करणार होती आणि तिला भाकरी थापता येणं जरुरीचं होतं. ती वागायला चांगली होती. काळा चष्मा काढून ती आईच्या शेजारी उभी राहायची आणि शिकायची. पहिल्या दिवशी भाकरी फाटली. दुसऱ्या दिवशीही फाटली. तिसऱ्या दिवशी अख्खी झाली, पण ती तव्यावर टाकताना नायिकेची बोटं भाजली. तिच्या बोटांना मलम लावून पट्टी बांधली आणि शूटिंग अर्धा दिवस थांबलं. दिग्दर्शक ओट्याशी येऊन उभे राहिले. आई तोवर युनिटच्या भाकऱ्या उरकत होती. ते बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी कॅमेरामनला बोलावलं.

ठरलं असं की चेहरा नायिकेचा आणि हात आईचे. हे त्या क्षेत्रात चालतं म्हणे. अडचण एकच होती. सिनेमातल्या स्वयंपाकिणीला नवरा होता. दारुडा होता, पण होता. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. माझे वडील जाऊन दहा वर्षं झाली होती आणि आईच्या हातात काही नव्हतं.

बांगड्या घेऊन कपडेपटाचा माणूस स्वयंपाकघरात आला तेव्हा बाईसाहेब तिथंच होत्या. त्या म्हणाल्या की हे बरं दिसत नाही. घरात देवाधर्माचं असतं, विधवा बाईनं हिरव्या बांगड्या भरायच्या आणि त्याच हातानं नैवेद्य करायचा म्हणजे काय. दिग्दर्शक त्यांना समजवायला लागले. रूढी, स्त्रीचं मन, असं बरंच बोलले. आईनं ते सगळं संपायची वाट बघितली.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "हात सिनेमातल्या बाईचे आहेत. तिचा नवरा जिवंत आहे."

आईनं साबण लावून बांगड्या चढवल्या. काढून पुन्हा घालताना त्या फुटतात, म्हणून भाकऱ्यांचं शूटिंग होईपर्यंत त्या हातातच ठेवायच्या असं ठरलं. चार दिवस आई हिरव्या बांगड्या घालून वावरत होती. ती कणीक मळायला लागली की आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी शेठ जेवायला बसले होते, त्यांनी मान वर करून कोण आलंय म्हणून विचारलं. मी घरी अभ्यास करायची तेव्हा दाराबाहेर तो आवाज आला की मलाही वाटायचं दुसरीच कुणी बाई येतेय. मग आई आत यायची. ती बांगड्यांकडे बघत नसे आणि मीही बघत नसे. चार दिवसांनी तिनं त्या काढून कपडेपटाच्या माणसाला दिल्या. एक काढताना पिचकली होती, त्याबद्दल तिनं त्याची माफी मागितली.

त्याच आठवड्यात आमची खोली सिनेमात घेतली. स्वयंपाकीण कुठं राहते ते दाखवायचं होतं. मी शाळेतून आले तर खोलीत वेगळंच घर होतं. भिंतींना काजळी फासली होती. आमची लोखंडी कॉट नव्हती, तिच्या जागी दोरी सुटलेली बाज होती. कोपऱ्यात फुटका माठ. माझं टेबल, त्यावरची पुस्तकं, भिंतीवरचं वेळापत्रक, सगळं गायब. ते पोत्यात भरून गॅरेजमध्ये ठेवलं होतं.

मी दिग्दर्शकांसमोर जाऊन उभी राहिले. मी तशी धीट नव्हते, पण माझी पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि भूगोलाची वही कुणाला सापडत नव्हती. मी विचारलं की पुस्तकं का काढली.

ते समजुतीनं म्हणाले, "स्वयंपाकिणीच्या खोलीत इतकी पुस्तकं दाखवली तर प्रेक्षकांना पटायचं नाही."

"पण आहेत ना," मी म्हटलं.

"असणं वेगळं आणि पटणं वेगळं, बाळ."

मी पुढचे सहा दिवस गॅरेजमध्ये, शेठच्या गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून अभ्यास केला. भूगोलाची वही पुण्याहून आलेल्या नटाच्या उशाखाली सापडली. त्याला झोपताना डोक्याखाली काहीतरी लागायचं. शूटिंग आटोपल्यावर खोली रंगवून देऊ असं त्यांनी सांगितलं होतं. ते विसरले. आईनं एका रविवारी चुना आणून स्वतःच दोन हात मारले. काजळी पहिल्या हाताला वर येत होती, दुसऱ्याला थांबली.

शेवटच्या प्रसंगाचं शूटिंग शेवटीच ठेवलं होतं. मूळ प्रसंग असा होता की अपमान सहन न होऊन स्वयंपाकीण कपाटातल्या कपबश्या, काचेची ताटं एकेक काढून जमिनीवर आपटते आणि निघून जाते. दोन खोके भरून भांडी आणली होती. नायिका तयार होऊन बसली होती. बाईसाहेबांनी आपली भांडी आधीच वर नेऊन ठेवली होती. आई दाराशी उभी राहून बघत होती, कारण स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं आणि तिला करायला काही नव्हतं.

दिग्दर्शकांना एव्हाना आईला विचारायची सवय लागली होती. पदर कुठं खोचायचा, फोडणी आधी की चिरणं आधी, असं ते विचारायचे. सवयीनं त्यांनी मान वळवून विचारलं, "काय मावशी, बरोबर ना?"

"नाही," आई म्हणाली.

सगळे थांबले. त्यांनी काय चुकलं म्हणून विचारलं.

"जाणारी बाई भांडी फोडत नाही, साहेब. घासून जाते."

"इतका राग आलेला असताना?"

"राग असतो म्हणूनच. मागं कुणी नाव ठेवायला नको."

दिग्दर्शक बाहेर जाऊन मागच्या पायरीवर बसले. सहायकानं चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. तासाभरानं ते आत आले आणि खोके बांधून ठेवा, घरातलीच भांडी खाली आणा म्हणाले. त्या दिवशी शूटिंग झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे.

मी तेव्हा शाळेत असायला हवी होते, पण पोट दुखतंय म्हणून घरी राहिले होते आणि जिन्याखाली उभी होते. बाईसाहेब जिन्याच्या वळणावर होत्या. शेठही त्या दिवशी कारखान्यात उशिरा गेले. आईनं त्या दिवसापुरत्या हिरव्या बांगड्या पुन्हा चढवल्या होत्या. पंचवीस-तीस माणसं श्वास रोखून माझ्या आईला भांडी घासताना बघत होती. नऊ वर्षं ती त्याच मोरीत तीच भांडी रोज घासत होती. मीही कधी थांबून बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. ती आधी पेल्यांना हात घालायची, मग वाट्या, मग ताटं, आणि कढई सगळ्यात शेवटी. ताट पाण्याखाली धरून ती ते एकदा उजेडाकडे तिरपं करायची आणि मगच पालथं घालायची. हे मला माहीत नव्हतं.

सगळं झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला वाटलं काम संपलं, म्हणून ती भांडी पुसून मांडणीवर लावायला लागली. तिला थांबवण्यात आलं. पुन्हा घ्यायचं होतं. सहायकानं घासलेल्या भांड्यांना आमटी आणि भात फासला. असं चार वेळा झालं. भांडी घासण्याचं तिला काही वाटलं नाही, पण स्वच्छ भांडी कुणी मुद्दाम खरकटी करतंय हे तिला बघवेना. चौथ्या वेळेला ती तोंड फिरवून उभी राहिली. ते तोंड फिरवणंही कॅमेरामननं मागून घेतलं. सिनेमात ते आहे. लिहिणाऱ्यांनी त्याला मूक विद्रोह म्हटलंय.

सिनेमा पुढच्या वर्षी मुंबईत एका थिएटरला लागला. शेठना पास आले होते. ते आणि बाईसाहेब गाडीनं गेले. आई, मी आणि माळी बसनं खाडीपूल ओलांडून गेलो. आईनं त्या दिवशीचा दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच करून ठेवला होता. आम्ही एकाच रांगेत होतो, मधे चार खुर्च्या रिकाम्या होत्या.

पडद्यावर आमच्या बंगल्याचा जिना आला. मालकिणीचं काम करणारी नटी वरून खाली आली, मधल्या वळणावर थांबली, कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, पाणी." थिएटरात लोक चुकचुकले. मी आईचा हात धरला. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही, बाईसाहेबांना वाटणार आम्हीच सांगितलं. आम्ही काही सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक दोन दिवस नुसते बघायला आले होते, तेव्हा त्यांनी ते बघितलं होतं.

बाईसाहेब चार खुर्च्या ओलांडून आमच्याकडे वाकल्या. "बाई, बघितलंत का?" त्या कुजबुजल्या. "हे माझ्यावरून घेतलंय."

त्या खूश होत्या. पुढं कित्येक महिने त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगितलं, जिन्यावर उभं राहून करूनही दाखवलं. शेठ मात्र सिनेमाभर गप्प होते. दुसऱ्या दिवशी जेवताना ते मधेच उठले आणि माठातलं पाणी स्वतः घेऊन आले. आईला काही कळेना. आमटी तिखट झाली का, असं तिनं विचारलं. ते नाही म्हणाले. आठवडाभर ते रोज उठून पाणी घेत होते. मग एकदा घाईत होते तेव्हा विसरले आणि पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं.

माळ्याचं लक्ष सिनेमातल्या माळ्याकडे होतं. मध्यंतरात तो म्हणाला, "यो कोन हाय? खुरपा उलटा धरलाय यानी." यापलीकडे त्यानं सिनेमाबद्दल आजतागायत काही म्हटलेलं मला आठवत नाही.

मध्यंतरानंतर आमची खोली आली. काजळीच्या भिंती, सुटलेली बाज, फुटका माठ आणि कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली नायिका. लोक रडत होते. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "किती हाल असतात गं यांचे." मला रडू आलं नाही. मी भिंतीवर माझ्या वेळापत्रकाचा खिळा शोधत होते. तो होता. काजळी फासताना त्यांनी तो काढला नव्हता. मला त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं की इथं खाली टेबल आहे, त्यावर बीजगणिताचं पुस्तक आहे आणि मला गणितात चांगले मार्क आहेत. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मग हात आले. आई खुर्चीत सरळ होऊन बसली. एवढ्या मोठ्या पडद्यावर आपले हात तिनं पहिल्यांदाच बघितले. मी तिच्याकडे बघत होते. ती मांडीवर पदराच्या टोकाशी चाळा करत होती, तो थांबला. भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, हिरव्या बांगड्यांचे हात नळाखाली गेले आणि मागचं दार उघडलं. बसमध्ये मी तिला कसं वाटलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, कढईच्या कानाखाली थोडं राहिलं होतं.

पुढं तो सिनेमा एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागला आणि सगळ्या वाशीनं बघितला. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या दोन मैत्रिणी दुसऱ्या दिवशी त्या खोलीबद्दल हळहळत होत्या. काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, ती आमची खोली आहे. हात माझ्या आईचे आहेत. इतकी वर्षं जे मी झाकून ठेवलं होतं ते कॅन्टीनमध्ये एका दमात सांगून झालं. त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांना घेऊन आले. आईनं पोहे केले. मैत्रिणी कॉटवर बसून इकडं-तिकडं बघत होत्या. पांढऱ्या भिंती, टेबल, पुस्तकं, खिडकीला पडदा. एक जण मला हळूच म्हणाली, "इथं तर सगळं चांगलं आहे." ती थोडी नाराज झाल्यासारखी वाटली. पण पोहे दोघींनी दोनदा घेतले आणि नंतर त्या नेहमी यायला लागल्या. त्यानंतर मी कुणाला काही वेगळं सांगितलं नाही.

मला बँकेत नोकरी लागली तेव्हा आईनं बंगला सोडला. आम्ही वाशीतच एक वन रूम किचन भाड्यानं घेतलं आणि आई ऑफिसात जाणाऱ्या एकट्या माणसांना डबे द्यायला लागली. बंगला तिनं कसा सोडला असं मला सिनेमा पाहिलेले लोक विचारतात. तिनं महिनाभर आधी सांगितलं. नवी बाई आली तिला पंधरा दिवस शेजारी उभं करून शिकवलं. बाईसाहेबांनी साडी दिली, ओटी भरू की नको यावर जरा घुटमळल्या आणि शेवटी नारळ नुसताच हातात ठेवला. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. आई नाही म्हणाली. शेठ बाहेरगावी होते.

त्याच सुमाराला वाशीत काही हौशी लोकांनी मिळून चांगले सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. एका शनिवारी त्यांनी हा सिनेमा ठेवला आणि दिग्दर्शकांना बोलावलं. मी गेले. त्यांचे केस पिकले होते, चष्मा तोच होता. प्रश्नोत्तरांत कुणीतरी शेवटचा प्रसंग कसा सुचला म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मला नाही सुचला. तिथल्या मावशींनी सांगितला." हे त्यांनी माइकवर सांगितलं. मी मागच्या रांगेत होते. नंतर त्यांना भेटून मी कोण ते सांगितलं. त्यांनी आधी आईची चौकशी केली आणि मग एकदम म्हणाले, "तुझी पुस्तकं काढायला नको होती. मी बरेचदा विचार केला त्याचा." मी त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं.

ते आले. या वेळी खुर्चीवर बसले. आईनं ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. ती गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात वाढत होती. दोन भाकऱ्या झाल्यावर ते म्हणाले की मावशी, सिनेमा कसा वाटला ते तुम्ही कधी सांगितलंच नाही.

"कुणी विचारलं नाही," आई म्हणाली. "चांगला होता. पण ती बाई शेवटी कुठं गेली ते तुम्ही दाखवलं नाहीत."

"ते मुद्दाम प्रेक्षकांवर सोडलंय."

"प्रेक्षक आपापल्या घरी गेले," आई म्हणाली. "ती कुठं गेली?"

हातातला घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कुठं गेली असेल.

आईनं गॅस बारीक केला. ती म्हणाली, "आधी दिघ्याला गेली असेल, बहिणीकडं. एका खोलीत आठ माणसं. दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या नवऱ्यानं ताटाकडं बघितलं, तेवढ्यावर उठली. पोरीला घेऊन रस्त्याला लागली. वाटेत जे मोठं घर दिसेल तिथं विचारायचं, बाई पाहिजे का. एकीनं पोरगी नको म्हणून सांगितलं. एकीनं पोरीला केळं दिलं, काम नाही दिलं. असं करत करत वाशीपर्यंत आले."

शेवटचा शब्द बोलून झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मला दिघ्याची मावशी आठवत होती आणि केळंही अंधुक आठवत होतं. पण त्याच्या आधी एक घर होतं आणि ते आईनं सोडलं होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दिग्दर्शकांनी आधी कुठलं घर होतं असं विचारलं. आई म्हणाली, ठाण्याला होतं. मग कशामुळे सोडलं असं त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि निवायच्या आत खा म्हणाली. त्यांनी खाल्ली. वही त्यांच्या शबनममध्ये होती, पण त्यांनी ती काढली नाही.

ते गेल्यावर भांडी आवरताना मी तिला त्या घराबद्दल विचारलं. ती म्हणाली, ती माणसं अजून असतील तिथं, उगाच कशाला. मग तिनं उद्याच्या डब्यांसाठी मटकी भिजत घातली आणि मला बाजारातून कोथिंबीर आणायला पाठवलं.